स्टिक की व्हील? आरसी गाडीचा पहिला रिमोट निवडताना

उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचा आमच्याकडे महिनाभर राहायला आला होता. सातवीतला पोट्टा. आरसी, म्हणजे रिमोटवर पळणारी गाडी तयार होती, पण त्याच्या हातात रिमोट कोणता द्यायचा यावर मी दोन दिवस विचार केला. माझ्याकडे दोन्ही प्रकारचे आहेत. एक पिस्तुलासारखा धरायचा, बाजूला छोटं चाक असलेला. दुसरा दोन दांड्यांचा. मी चाकवाला दिला. पहिल्या पाच मिनिटांत गाडी मैदानातल्या कडुलिंबाला तीनदा धडकली, आणि तिन्ही वेळा ती त्याच्याकडे परत येत होती. "मामा, हे तर उलटं पळून राहिलं ना!" तो म्हणाला. मी रिमोट बदलून दांड्यांचा दिला. चौथ्यांदाही तेच झाड.

हे आधी सांगायचं कारण असं की नवीन माणसाला वाटतं, आपल्याला गाडी जमत नाही म्हणजे रिमोट चुकीचा आहे. गाडी आपल्याकडे तोंड करून येत असली की तिचा उजवा हात आपल्या डावीकडे असतो. ही अडचण स्टिकमध्येही आहे आणि व्हीलमध्येही. ती सरावानेच जाते आणि कशी घालवायची ते पुढे येईल. रिमोट निवडायची कारणं वेगळी आहेत, आणि ती नीट पाहिली तर निवड अर्ध्या तासात होते.

पायरी १: आधी गाडी उघडून पाहा

दुकानात रिमोट बघायच्या आधी घरातली गाडी उघडा. बॉडीच्या क्लिपा काढल्या की आत काय आहे ते दिसतं. हॉबी दर्जाच्या गाडीत तीन वेगळ्या वस्तू असतात. रिसीव्हर, म्हणजे रिमोटचा संदेश घेणारी छोटी डबी. ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा भाग. आणि सर्व्हो, म्हणजे पुढची चाकं वळवणारी मोटर. या तिन्ही वेगळ्या असतील तर कोणताही रिमोट त्याच्या रिसीव्हरसकट बसवता येतो.

स्वस्त गाड्यांत रिसीव्हर आणि ईएससी एकाच पट्टीवर असतात. तिथे फक्त रिमोट बदलून भागत नाही, ईएससीही नवा घ्यावा लागतो. सर्व्होच्या तारा मोजा. तीन तारा असतील तर तो नेहमीचा सर्व्हो, कुठल्याही रिसीव्हरला चालतो. पाच तारा असतील तर सर्व्होचं डोकं त्या पट्टीवरच आहे, म्हणजे तोही बदलायचा. हा खर्च धरूनच पुढचा विचार करा. अशा वेळी माझं मत स्पष्ट आहे: खेळण्यातल्या गाडीला महागडा रिमोट जोडू नका, आहे त्याच रिमोटवर शिका आणि पुढची गाडी सुटे भाग असलेली घ्या.

पायरी २: दोन्ही रिमोटांत हात काय करतात

व्हीलवाल्या रिमोटला पिस्तूल ग्रिप म्हणतात. डाव्या हातात मूठ, डाव्या तर्जनीखाली ट्रिगर. ओढला की गाडी पुढे, बोटाने बाहेर ढकलला की ब्रेक. बऱ्याच ईएससींमध्ये ब्रेक मारून ट्रिगर मधे सोडला आणि पुन्हा ढकलला की रिव्हर्स लागतो, म्हणून पहिल्यांदा ढकलल्यावर गाडी मागे गेली नाही तर घाबरू नका. उजव्या हाताला फोम चढवलेलं छोटं चाक असतं. उजवीकडे फिरवलं की गाडी तिच्या उजवीकडे. कार चालवणाऱ्याला हे समजवावं लागत नाही.

स्टिकवाल्या रिमोटमध्ये गाडीसाठी बनवलेला असेल तर डावी दांडी फक्त वरखाली होते, तो वेग आणि ब्रेक. उजवी फक्त आडवी होते, ते स्टिअरिंग. दोन्ही दांड्या सोडल्या की स्प्रिंगने मधे परत येतात.

आता बारीक फरक. ट्रिगरच्या प्रवासाचा मोठा वाटा पुढे जाण्यासाठी देता येतो आणि थोडा ब्रेकसाठी. दांडीचा प्रवास मधोमध वाटलेला असतो, वर निम्मा आणि खाली निम्मा. त्यामुळे मुरमाच्या सैल मैदानावर, जिथे थोडा जास्त वेग दिला की मागची चाकं नुसती जागेवर फिरतात, तिथे ट्रिगरवर हळूहळू वेग वाढवणं नवीन बोटाला सोपं जातं. उलट स्टिअरिंगच्या बाबतीत स्टिकचा हात हलका पडतो. अंगठ्याची हालचाल मनगटापेक्षा छोटी आणि चपळ असते, त्यामुळे डावं-उजवं-डावं असं पटापट करायचं असेल तर स्टिकवाला पटकन करतो. स्टिक नुसत्या अंगठ्याने ढकलण्यापेक्षा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून पाहा. चिमटीत मधलं स्थान नीट जाणवतं आणि गाडी सरळ रेषेत लचकत नाही.

पिस्तुलाचं सगळं वजन एका डाव्या मनगटावर येतं. स्टिकचा रिमोट दोन्ही तळव्यांवर असतो आणि गळ्यात पट्टा अडकवला की हातावर वजनच राहत नाही. तासभर चालवणाऱ्याला हा फरक कळतो, पहिल्या दिवशी कळत नाही.

रिमोटची आरसी गाडी १९७६ साली जपानच्या तामिया कंपनीने पोर्शे ९३४ काढली तेव्हापासून घराघरात गेली. त्या काळचे रेडिओ बहुतेक दोन दांड्यांचेच असायचे. चाकवाले नंतर पसरले आणि आता नव्या गाडीसोबत बहुधा तेच येतात. युरोपात स्पर्धेला उभे राहणारे बरेच लोक आजही स्टिकच वापरतात. तेव्हा "स्टिक म्हणजे जुनं" असं कोणी सांगितलं तर तिकडे लक्ष देऊ नका.

पायरी ३: तुम्ही नेमकं काय चालवणार आहात

मैदानावर नुसती मजेत पळवायची, उड्या मारायच्या, उलटली की सरळ करायची, असं असेल तर व्हील घ्या. उजवा हात चाकावरून काढला तरी रिमोट डाव्या हातात राहतो आणि मोकळ्या हाताने गाडी उचलता येते. दगडांवरून हळूहळू चढणाऱ्या क्रॉलर गाड्यांना तर हे फारच सोयीचं. क्रॉलर चालवताना तुम्ही गाडीच्या मागे वाकून चालत असता, आमच्या नागपुरात अंबाझरीकडच्या एखाद्या टेकाडावर चढताना एक हात आधाराला लागतो.

ड्रिफ्टसाठीही, म्हणजे गाडी आडवी घसरवत वळवायची असेल तरी, मी व्हीलच सांगेन. त्या गाड्यांत जायरो, म्हणजे घसरताना स्टिअरिंग आपोआप सावरणारा भाग असतो आणि त्याची तीव्रता तिसऱ्या चॅनलवरून चालवतानाच कमीजास्त करतात. चॅनल म्हणजे रिमोटवरून होणारं एकेक काम: एक स्टिअरिंगचं, एक वेगाचं, तिसरं असं जास्तीचं. पिस्तुलावर त्यासाठी अंगठ्याजवळ गोल बटण असतं.

रणगाडा किंवा जेसीबीसारखं यंत्र असेल तर प्रश्नच नाही, स्टिक. प्रत्येक साखळीला एक दांडी असली की वळणं आपोआप कळतात.

आणि तुम्हाला पुढे विमान किंवा ड्रोन उडवायचं असेल, किंवा तुम्ही आधीच उडवत असाल, तर स्टिकचा विचार मनापासून करा. बोटांना लागलेली सवय ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. दोन्ही गोष्टी एकाच हाताने शिकलं की दुप्पट फायदा होतो. यात मात्र एक मोठी खोच आहे, त्यासाठी पुढची पायरी नीट वाचा.

पायरी ४: विमानाचा रिमोट गाडीला लावायचा असेल तर

हे अनेक जण करतात आणि इथेच चुका होतात. विमानाच्या रिमोटवर थ्रॉटलच्या, म्हणजे वेगाच्या दांडीला वरखाली स्प्रिंग नसते. जिथे सोडाल तिथेच राहते. विमानाला ते ठीक आहे, गाडीला नाही. बोट निसटलं आणि दांडी अर्ध्यावर राहिली तर गाडी अर्ध्या वेगाने जात राहील.

उपाय आहे आणि सोपा आहे. आपल्याकडे मिळणारे बहुतेक रिमोट मोड २ चे असतात, म्हणजे थ्रॉटल डाव्या दांडीवर. त्यात उजव्या दांडीच्या दोन्ही दिशांना स्प्रिंग असते आणि डाव्या दांडीच्या आडव्या दिशेलाही. फ्लायस्कायच्या एफएस-आय६ सारख्या रिमोटमध्ये चॅनल १ आडवी उजवी दांडी, २ उभी उजवी, ३ थ्रॉटल आणि ४ आडवी डावी असा क्रम असतो. ईएससीची तार चॅनल २ मध्ये आणि सर्व्होची तार चॅनल ४ मध्ये लावा. वेग उजव्या हाताला, स्टिअरिंग डाव्या हाताला, दोन्हीकडे स्प्रिंग आणि दोन्ही हात वेगळे. सर्व्होची तार चॅनल १ मध्ये लावली तर दोन्ही कामं एकाच अंगठ्यावर येतात आणि वेग देताना गाडी तिरपी जाते.

यातून एक छान गोष्ट हाती लागते. गेमपॅडवर गाड्यांचे गेम खेळणारी मुलं स्टिअरिंग डाव्या अंगठ्याने करतात. ही मांडणी त्यांच्या हाताशी बरोबर जुळते. माझ्या भाच्याला गाडीचा अस्सल स्टिक रिमोट जमला नाही, कारण त्यात स्टिअरिंग उजवीकडे. हा बदललेला विमानाचा रिमोट त्याच्या हातात दिला आणि दुसऱ्या बॅटरीला तो कडुलिंबाभोवती फेऱ्या मारू लागला.

मोड १ चा, म्हणजे थ्रॉटल उजव्या दांडीवर असलेला रिमोट मिळाला तर तो गाडीच्या स्टिक रिमोटसारखाच वागतो. डावी उभी दांडी स्प्रिंगची असते, तिथे ईएससीसाठी चॅनल २, आणि उजवीकडे आडवं स्टिअरिंग चॅनल १.

खोच फेलसेफची आहे. रिमोटचा संपर्क तुटला तर गाडीने काय करावं, ही ती सूचना. विमानाच्या रिमोटमध्ये ती हाताने भरावी लागते, आणि चॅनल २ साठी कोणी भरत नाही. माझी स्वतःची गाडी अशीच गेली. रिमोटचे सेल बसले, गाडी पूर्ण वेगात सरळ जाऊन मैदानाच्या कडेच्या सिमेंटच्या नालीत पडली आणि पुढची चाकं धरणारे दोन्ही आर्म तुटले. तिथे कोणी चालत नव्हतं, एवढंच नशीब. त्या दिवसापासून मी कोणत्याही गाडीची पहिली तपासणी हीच करतो. गाडी डब्यावर ठेवा, चाकं हवेत. थोडा वेग द्या, आणि वेग देतानाच रिमोट बंद करा. चाकं दोन सेकंदांत थांबली पाहिजेत. थांबली नाहीत तर त्या रिमोटने गाडी जमिनीवर उतरवूच नका, आधी फेलसेफ भरा.

पायरी ५: स्वतःच्या हाताचं ऐका

डावखुऱ्यांचा प्रश्न नेहमी येतो. साधा व्हील रिमोट उजव्या हाताने वळवायचा असतो. काही रिमोटांवर चाक दुसऱ्या बाजूला बसवता येतं, घेताना हे विचारा. पण माझा अनुभव असा की बरेच डावखुरे साध्याच रिमोटवर रुळतात, कारण ट्रिगरचं नाजूक काम त्यांच्या चांगल्या हाताकडे असतं. एक पूर्ण बॅटरी चालवून बघा, मग ठरवा.

लहान मुलांच्या बाबतीत ट्रिगरपर्यंत बोट पोचतं का ते आधी पाहा. मूठ मोठी असली की मूल दोन बोटांनी ट्रिगर ओढतं आणि ब्रेकला बोट राहत नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाला मी हलका स्टिकच देईन.

घ्यायच्या आधी दोन्ही हातात घेऊन बघायला मिळालं तर सोनं. बर्डीत किंवा कुठेही दुकानात गेलात तर बॉक्स उघडून रिमोट हातात द्यायला सांगा. चाक किंवा दांडी पूर्ण एका बाजूला नेऊन सोडा, मग दुसऱ्या बाजूला नेऊन सोडा. दोन्हीकडून ती मधे त्याच जागी यायला हवी. जुना रिमोट घेत असाल तर गाडीची पुढची चाकं पाहत हे करा. चाकं नुसती थरथरत असतील तर आतला पोटेन्शिओमीटर, म्हणजे चाकाची किंवा दांडीची जागा मोजणारा घासता भाग झिजलाय किंवा त्यात धूळ गेली आहे. आपल्याकडची मेमधली धूळ काय असते ते तुम्हाला माहीत आहे. चुंबकाने जागा ओळखणाऱ्या हॉल सेन्सरवाल्या रिमोटमध्ये घासणारा भागच नसतो, म्हणून ते धुळीला जास्त टिकतात. परवडत असेल तर हॉल सेन्सर बघून घ्या.

चॅनल किती? शिकायला दोन पुरतात, पुढे दिवे लावायचे किंवा जायरोची तीव्रता रिमोटवरून बदलायची असेल तर तिसरा लागतो. चारच्या वर जायची गरज क्रॉलरवाल्यांना किंवा जेसीबीसारखी यंत्रं चालवणाऱ्यांनाच पडते.

पायरी ६: जोडणी आणि पहिली मांडणी

आताचे जवळजवळ सगळे रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. पूर्वी २७ मेगाहर्ट्झच्या रिमोटला स्फटिक बदलावे लागायचे आणि दोघांचा स्फटिक एकच असला तर गाड्या एकमेकांच्या रिमोटवर पळायच्या. आता प्रत्येक रिमोट आपल्या रिसीव्हरला ओळख देतो. यालाच बाइंड म्हणतात. पण प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी, आणि एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांचीही वेगळी. फ्लायस्काय कंपनीच्या दोन भाषांची नावं एएफएचडीएस २ए आणि एएफएचडीएस ३; २ए चा रिसीव्हर ३ च्या रिमोटशी बोलेलच असं नाही. म्हणून जास्तीचा रिसीव्हर घेताना रिमोटवरचं हे नाव लिहूनच दुकानात जा.

गाडीच्या रिमोटमध्ये सर्व्हो चॅनल १ मध्ये, ईएससी चॅनल २ मध्ये. तारांत तपकिरी किंवा काळी म्हणजे ऋण, लाल धन, आणि नारिंगी किंवा पांढरी संदेशाची. रिसीव्हरवर ऋण कुठे ते छापलेलं असतं, उलटी खुपसू नका.

मग गाडी पुन्हा डब्यावर. चाक उजवीकडे फिरवल्यावर गाडी डावीकडे वळत असेल तर रिव्हर्सचं बटण. हात काढल्यावर पुढची चाकं सरळ नसतील तर ट्रिम. आता चाक पूर्ण फिरवून धरा आणि कान द्या. सर्व्हो घूं घूं करत असेल तर तो जिथे जाऊ शकत नाही तिथे ढकलतोय. एंड पॉइंट, म्हणजे सर्व्होची त्या बाजूची हद्द, कमी करत आणा, आवाज थांबेपर्यंत. दुसऱ्या बाजूलाही तसंच. हे न केल्यामुळे जितके सर्व्हो जळतात तितके धडकेने जळत नाहीत, असं मला तरी दिसलंय.

नवीन माणसासाठी ड्युअल रेट, म्हणजे स्टिअरिंग किती वळावं ती मर्यादा, साधारण ६० ते ७० टक्क्यांवर ठेवा, म्हणजे चाक पूर्ण फिरवलं तरी गाडी एकदम कोलांटी मारणार नाही. एक्स्पो, म्हणजे मधल्या भागात स्टिअरिंग किती मऊ ते ठरवणारी सेटिंग, शून्यावर असू द्या. कोणी अधिक चिन्हाने मधला भाग मऊ करतो, कोणी उण्याने, आणि शिकताना हा गोंधळ नको.

चार एए सेल घालायचे असतील आणि ते चार्ज होणारे असतील तर लक्षात ठेवा की प्रत्येकी १.२ व्होल्ट, म्हणजे एकूण ४.८. साधे सेल ६ व्होल्ट देतात. त्यामुळे काही रिमोट भरलेल्या सेलवरही सेल कमी असल्याची शिटी वाजवतात. तिची मर्यादा सेटिंगमध्ये बदलता येत असेल तर बदला.

पायरी ७: मैदानावर

मे महिन्यात सकाळी साडेपाच ते साडेसात, त्याच्यापुढे नाही. पारा ४५ च्या वर गेलेल्या दुपारी मोटर आणि बॅटरी दोन्ही तापतात, आणि घामाच्या हातात फोमचं चाक निसटतं. पावसाळ्यात काळ्या मातीच्या मैदानावर उतरू नका, ती चाकांना चिकटून गाडी लाडवासारखी होते. रेशीमबागेसारख्या मैदानावर सकाळी फिरायला येणारे असतात, त्यांच्यापासून दूरचा कोपरा धरा. फुटाळा तलावाच्या वर्दळीच्या रस्त्यावर कधीच नाही.

दोन चपला दहा-बारा पावलांवर ठेवा आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढत राहा. आठच्या आकड्यात गाडी प्रत्येक फेरीत एकदा तुमच्यापासून लांब जाते आणि एकदा तुमच्याकडे येते, दोन्ही बाजूंना वळते. जाताना सोपं आहे. येताना हे करा: गाडी तुमच्या ज्या बाजूला ढळतेय, चाक किंवा दांडी त्याच बाजूला न्या. ती तुमच्या उजवीकडे सरकतेय तर उजवीकडे. ती सरळ होईल. का होते ते नंतर समजेल, आधी बोटांना हे शिकवा. सुरुवातीला अंग थोडं वळवून, गाडी जिकडे जातेय तिकडे खांदा करून उभं राहिलात तरी मदत होते.

पहिल्या पाच बॅटऱ्या एकाच रिमोटवर चालवा. दोन रिमोट असले तरी अदलाबदल करू नका, मी भाच्याच्या बाबतीत घाईत तीच चूक केली. पाचव्या बॅटरीनंतरही दर फेरीला तुमचं लक्ष बोटांवरच राहत असेल, गाडीवर जात नसेल, तर दुसरा प्रकार घ्या. तोपर्यंत नाही.

चालू करताना आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. घरी आल्यावर लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी गाडीतून काढा आणि उन्हात उभ्या असलेल्या कारच्या डिकीत तर कधीच ठेवू नका. कूलरच्या खोलीत, फरशीवर, धातूच्या डब्यात. रिमोट पावसाळाभर वापरणार नसाल तर त्यातलेही सेल काढून ठेवा, फुटलेल्या सेलचं पाणी स्प्रिंगा खाऊन टाकतं.